कटकीचा हिशेब: लाचखोरी कारखान्याचं नेमकं काय खाते

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपची, म्हणजे पत्रा-प्लेट कापून, वेल्ड करून टाक्या वगैरे बनवणाऱ्या शेडची, कॉस्टिंग शीट उघडून बघा. वर मटेरियल, मग मजुरी, बाहेरून आणलेली मोटर आणि गिअरबॉक्स, आर्गन, फिलर रॉड, ग्राइंडिंग व्हील, वीज, भाडं, बँकेचं व्याज आणि सगळ्यात खाली नफा. लाचेची ओळ त्यात नसते. लिहिताच येत नाही, कारण शीट सीएकडे जाते, बँकेकडे जाते. पण पैसे तर गेलेले असतात. म्हणजे ते दुसऱ्या कुठल्या तरी ओळीतून निघालेले असतात, आणि कुठल्या ओळीतून निघाले त्यावर कारखान्याचं किती बिघडणार ते ठरतं. दिलेली रक्कम किती, हा त्या मानाने छोटा प्रश्न आहे.

बडोद्यातला मराठी माणूस घरी ‘लाच’ म्हणतो, पण शेडवर गेला की गुजराती शब्दच वापरतो: कटकी, म्हणजे मधल्यामधे तोडून घेतलेला तुकडा, आणि वहीवट, म्हणजे साहेबांच्या वतीने हा सगळा व्यवहार सांभाळणं. शब्द दोन असले तरी प्रकार तीन आहेत. पहिला अडवणुकीचा: कागद पूर्ण आहेत, काम हक्काचं आहे, तरी फाईल पुढे सरकत नाही. दुसरा संगनमताचा: जे मिळायला नको ते पैसे देऊन मिळवायचं, उदाहरणार्थ सांडपाण्याचा खोटा अहवाल. यात देणारा आणि घेणारा दोघंही खूश असतात, म्हणून तक्रार कधीच होत नाही. तिसरा खाजगी: मोठ्या कंपनीचा पर्चेस मॅनेजर ऑर्डरमागे टक्के घेतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ हा लोकसेवकांभोवती रचलेला आहे. खाजगी कमिशनसाठी आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे तिथे मालकाला फसवणूक किंवा विश्वासघाताच्या कलमांवरच जावं लागतं.

साठ हजारांचे सत्याऐंशी हजार

समजा २० लाखांची ऑर्डर आहे, स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांची. मटेरियल १२ लाख, मजुरी २.८० लाख, बॉटआउट (बाहेरून आणलेली मोटर, गिअरबॉक्स) १.६० लाख, कन्झ्युमेबल (आर्गन, रॉड, व्हील) ६० हजार, वरखर्च आणि व्याज १.४० लाख. एकूण १८.४० लाख, नफा १.६० लाख, म्हणजे ८ टक्के. या धंद्यात हा नफा बरा समजला जातो. आता समोरचा म्हणतो, ‘तीन टक्के’. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे तीन टक्के विक्रीवरचे आहेत. २० लाखांचे ३ टक्के म्हणजे ६० हजार, आणि ते १.६० लाखांच्या नफ्यातून जाणार. नफ्याचे साडेसदतीस टक्के तिथेच संपले.

इथे अनेकांचा हिशेब थांबतो, पण प्राप्तिकर अजून यायचा असतो. कायद्याने गुन्हा ठरणाऱ्या कामासाठी केलेला खर्च वजावटीला पात्र नसतो. भागीदारी फर्मचा कर ३० टक्के, वर ४ टक्के सेस, मिळून ३१.२ टक्के. १.६० लाखांवर कर ४९,९२० रुपये, हातात उरले १,१०,०८०. त्यातून ६० हजार गेले की उरतात ५०,०८०. उलट बाजूने बघितलं तर ६० हजार रोख द्यायला ८७ हजारांच्या वर नफा मिळवावा लागतो.

आणि ही रोकड येते कुठून? बँकेतून काढली तर खुलासा द्यावा लागतो. म्हणून बहुतेक ठिकाणी भंगार बिलाशिवाय विकलं जातं, किंवा न झालेल्या जॉबवर्कचं बिल लावलं जातं. बोगस बिलावर जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर ते परत जातं, वर व्याज आणि दंड. पण पकडलं न जाता होणारं नुकसानही मोठं आहे. भंगार बिलाबाहेर गेलं की प्लेटमधून खरा वेस्टेज किती निघतो ते तुमच्याच वहीत दिसेनासं होतं. कटिंग करताना १२ टक्के जातं की १६ टक्के, हे मालकाला माहीत नसेल तर पुढचं कोटेशन अंदाजपंचे जातं. शिवाय लघुउद्योगाला खेळत्या भांडवलाची मर्यादा बँका ढोबळमानाने अंदाजित उलाढालीच्या २० टक्के धरतात. १० लाखांची विक्री वहीबाहेर ठेवली की २ लाखांची लिमिट गेली. तो माणूस मग तेच २ लाख बाजारातून दीड-दोन टक्के महिन्याने उचलतो.

प्लेट पातळ का होते

भाव वाढवून ६० हजार काढता येत नाहीत, कारण टेंडर एल-वनला जातं, सगळ्यात कमी भाववाल्याला. मजुरी कमी केली तर वेल्डर शेजारच्या शेडमध्ये जातो. उरतं मटेरियल. १२ लाखांचे ५ टक्के बरोबर ६० हजार होतात. ५ टक्के म्हणजे ६ मिमी प्लेटच्या जागी ५.७ मिमी. डोळ्याला दिसत नाही, हाताला कळत नाही.

बिघडतं ते डिश एंडमध्ये. सपाट प्लेट दाबून वाटीसारखा गोल तळ काढतात तेव्हा वळणावर, ज्याला नकल म्हणतात तिथे, धातू ताणला जाऊन पातळ होतो. म्हणून जाणता डिझायनर फॉर्मिंगसाठी आधीच १० ते १५ टक्के जास्त जाडी धरतो. ही जादा जाडी कोणाच्या चोरीसाठी ठेवलेली नसते. ५.७ मिमी वापरली की फॉर्मिंगनंतर नकलपाशी जाडी किमान मर्यादेच्या खाली जाते. टाकी पाणी भरून केलेली टेस्ट कदाचित पासही होईल. मग दोन वर्षांनी, रोजच्या गरम-थंड चक्रात, नेमकी तिथेच चीर दिसते. आणि ग्राहकाच्या लेखी दोष असतो वेल्डरचा.

दुसरी वाट स्टेनलेस स्टीलच्या ग्रेडची. ३०४ ऐवजी स्वस्त २०२. ३०४ मध्ये निकेल ८ टक्क्यांच्या वर, २०२ मध्ये ४ ते ६, आणि महाग निकेलच. दोन्ही चुंबकाला धरत नाहीत, त्यामुळे बाजारात सर्रास चालणारी चुंबकाची परीक्षा इथे काही कामाची नाही. फरक मँगनीजमध्ये कळतो: ३०४ मध्ये ते जास्तीत जास्त २ टक्के, २०२ मध्ये साडेसात ते दहा. पीएमआय गन, म्हणजे धातूत काय काय किती आहे ते दाखवणारं हातातलं यंत्र, लावली की अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं. मँगनीजचं थेंब टाकून बघायचं रसायनही मिळतं, ते स्वस्त पडतं. मिठाचा अंश असलेल्या पाण्यात २०२ ची टाकी वेल्डच्या कडेने तांबूस ठिपके धरू लागते. फूड किंवा फार्माच्या ग्राहकाने एकदा ते ठिपके पाहिले की पुढची ऑर्डर विसरायची.

माल घेणाऱ्यासाठी यातून एक साधी गोष्ट निघते. पोलाद कारखान्याच्या मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (धातूच्या त्या घाण्याचा क्रमांक) आणि प्लेटवर पंच केलेला हीट नंबर जुळतो का, ते कटिंगच्या आधी बघायचं. कटिंगनंतर नंबराचा तुकडा भंगारात गेलेला असतो आणि मग कागद कशालाही लावता येतो.

लाचेचा भाव घड्याळावरून ठरतो

अडवणुकीत मागणारा रक्कम कशी ठरवतो? मनाला येईल ती, असं वाटतं. तसं नसतं. त्याला तुमचं घड्याळ माहीत असतं.

समजा बडोद्याजवळच्या पोर-रमणगामडी वसाहतीत नवं युनिट टाकलंय, मशिनरी १ कोटीची, कर्ज साडेदहा टक्क्यांनी. महिन्याचं व्याज ८७,५००. शेडचं भाडं ६०,०००. चार ऑपरेटर आधीच ठेवलेत, प्रत्येकी २०,०००, म्हणजे ८०,०००. एक महिना मशीन नुसतं उभं राहिलं तर २,२७,५०० रुपये, दिवसाला साधारण साडेसात हजार. वीज जोडणी ४५ दिवस अडली तर ३ लाख ४१ हजार. अशा वेळी १ लाखाची मागणी आली की मालकाला ती ‘स्वस्त’ वाटते, आणि ती स्वस्त वाटावी एवढीच ठेवलेली असते. बिल पास करायच्या दोन टक्क्यांचंही हेच गणित. २० लाखांचं बिल ९० दिवस अडकलं तर साडेदहा टक्क्यांनी व्याज होतं ५१,८०० च्या आसपास. दोन टक्के म्हणजे ४० हजार. मागणारा हुशार आहे.

म्हणून यावरचा खरा उपाय घड्याळ उशिरा चालू करण्यात आहे. विजेचा लोड ठरलेल्या मर्यादेच्या वर लागणार असेल तर ११ केव्हीचं एचटी, म्हणजे उच्च दाबाचं, कनेक्शन, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, मीटरिंग किऑस्क, विद्युत निरीक्षकाची तपासणी, अशी साखळी असते. तो अर्ज मशीनच्या ऑर्डरच्या आधी करायचा, मशीन आल्यावर नाही. कर्ज टप्प्याटप्प्याने उचलायचं. भाडेकरारात पहिले दोन-तीन महिने बिनभाड्याचे मागायचे, मालक बहुतेकदा देतो. ऑपरेटर जोडणीच्या तारखेनंतर. इतकं केलं की ४५ दिवसांची किंमत ३.४१ लाखांवरून ५०-६० हजारांवर येते, आणि मागणाऱ्याच्या हातातला चिमटा सैल होतो. उद्घाटनाची तारीख, पत्रिका, पाहुणे वगैरे आधी ठरवणारे लोक स्वतःच्या हाताने भाव वाढवून घेतात.

दुसरं हत्यार म्हणजे क्वेरी. फाईलमध्ये पाच त्रुटी असतील तर एका वेळी एकच सांगायची. ती दुरुस्त केली की पंधरा दिवसांनी दुसरी. यावर उपाय कंटाळवाणा पण चालणारा आहे: अर्ज पोर्टलवर, कागदी असेल तर आवक क्रमांक आणि पोच, आणि पहिल्याच क्वेरीच्या उत्तरात लेखी विनंती की उरलेल्या सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवाव्यात. तोंडी क्वेरीचं उत्तर तोंडी द्यायचं नाही, ‘आपण अमुक तारखेला सांगितल्याप्रमाणे’ असं लिहून ईमेल करायचा. पुढे माहितीच्या अधिकारात फाईलवरच्या नोंदी मागितल्या तर ३० दिवसांत उत्तर यावं लागतं, आणि तेव्हा हे ईमेल उपयोगी पडतात.

नाके कमी झाले की भाव का वाढतो

एकच साहेब सगळं खात असेल तर तो निदान कोंबडी जिवंत ठेवतो. दहा जण वेगवेगळे खात असतील तर प्रत्येक जण फक्त आपला वाटा बघतो, आणि एकूण बोजा इतका होतो की कारखानाच उभा राहत नाही. अर्थतज्ज्ञ आंद्रे श्लाइफर आणि रॉबर्ट विश्नी यांनी १९९३ साली ही गोष्ट गणितात मांडली: एकाच कामाला लागणाऱ्या परवानग्या वेगवेगळ्या हातांत असतील तर एका कामामागची लाच सगळ्यात जास्त आणि होणारं काम सगळ्यात कमी.

याचा ताळा इंडोनेशियात मिळाला. बेन ओल्केन आणि पॅट्रिक बॅरन यांनी आचे प्रांतात ट्रकमध्ये माणसं बसवली. ३०४ फेऱ्यांत ६ हजारांहून जास्त बेकायदा वसुल्या त्यांनी डोळ्यांनी पाहून टिपल्या. एका फेरीच्या खर्चात वसुलीचा वाटा सुमारे १३ टक्के, ड्रायव्हर-क्लीनरच्या पगारापेक्षा जास्त. शांतता करारानंतर तिथून सैन्य आणि पोलिस मागे घेतले गेले, नाके घटले, तर उरलेल्या नाक्यांनी दर वाढवले. एकूण बोजा कमी झाला, पण नाके घटले त्या प्रमाणात नाही. आणखी एक गोष्ट दिसली: मुक्कामाच्या जवळचे नाके जास्त घेतात. इतकं अंतर आलेला ट्रक परत फिरणार नाही, हे त्यांना ठाऊक असतं. कारखान्याच्या बाबतीत शेवटचा नाका म्हणजे शेवटची परवानगी. शेड बांधून झाली, मशीन बसलं, आता फक्त एक सही बाकी. ती सही सगळ्यात महाग. म्हणून ज्या परवानगीला सगळ्यात जास्त अडचण येईल असं वाटतं ती आधी, रिकाम्या प्लॉटवर असतानाच मागावी.

आपल्याकडचे नाके खरोखरच गेले. गुजरातेतली जकात २००७ साली संपली, १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर विक्रीकराचे चेकपोस्ट हटले, नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्याने आरटीओचे चेकपोस्टही बंद केले. बडोद्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीचा वेळ वाचला, यात वाद नाही. पण वाट्टेल तिथे गाडी थांबवणारं फिरतं पथक राहिलं, आणि तिथे रक्कम मोठी असते. २० लाखांचा माल, १८ टक्क्यांनी कर ३.६० लाख, आणि ई-वे बिलात, म्हणजे मालवाहतुकीच्या जीएसटी कागदात, दोष धरून माल अडवला तर दंड कराच्या दुप्पट, ७.२० लाख. या आकड्याच्या धाकावर रस्त्यात ‘तोड’ निघते. पण दोष किरकोळ असेल, म्हणजे गाडीच्या नंबरातला एखादा-दुसरा आकडा किंवा नावाचं स्पेलिंग चुकलं असेल, तर १४ सप्टेंबर २०१८ च्या केंद्रीय परिपत्रकाप्रमाणे, क्रमांक ६४, माल न अडवता फक्त १,००० रुपये दंड घ्यायचा आहे, ५०० केंद्राचे आणि ५०० राज्याचे. त्या परिपत्रकाची छापील प्रत ड्रायव्हरच्या फाईलमध्ये ठेवा. ड्रायव्हरला इंग्रजी येत नसलं तरी चालेल, समोरच्याला येतं.

‘तेल घातलं की चाक फिरतं’

हा युक्तिवाद मकरपुऱ्याच्या चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतो आणि अर्थशास्त्रातही एके काळी होता. डॅनियल कॉफमन आणि शांग-जिन वेई यांनी १९९९ मध्ये अनेक देशांतल्या कंपन्यांच्या पाहण्या तपासल्या, तर उलटंच दिसलं. जे जास्त लाच देतात त्यांचा अधिकाऱ्यांशी घासाघीस करण्यात जास्त वेळ जातो. कारण सरळ आहे: देणारा कोण ते कळलं की त्याच्याकडे जास्त फेऱ्या होतात. लाच दिली म्हणून वेळ वाचतो असं एका फाईलपुरतं वाटतं. पुढची फाईल त्याच टेबलावर येते तेव्हा ती आपणहून थांबलेली असते.

युगांडातल्या कंपन्यांवरचा रेमंड फिस्मन आणि याकोब स्वेन्सन यांचा २००७ चा अभ्यास तर आणखी खणखणीत आहे. लाचेचा दर १ टक्का-बिंदूने वाढला तर कंपनीची वाढ ३ टक्का-बिंदूंनी घटते, आणि हा परिणाम तेवढ्याच कराच्या सुमारे तिप्पट आहे. कर किती भरायचा ते मार्चमध्ये माहीत असतं, पावती मिळते, पुन्हा कोणी मागायला येत नाही. लाचेचं यातलं काहीच नाही.

नवव्या माणसावर थांबलेले कारखाने

सगळ्यात न दिसणारं नुकसान इथे आहे, कारण जो कारखाना वाढलाच नाही त्याची नोंद कुठे होणार?

जुन्या कारखाना कायद्यात, १९४८ च्या, वीज वापरणाऱ्या जागी १० कामगार झाले की नोंदणी आणि तपासण्या लागत. अमृत अमिरापू आणि मायकेल गेक्टर यांनी देशभरच्या आर्थिक गणनेत पाहिलं की १० च्या उंबरठ्याशी युनिटांची संख्या अचानक घसरते. त्यांच्या अंदाजाप्रमाणे उंबरठा ओलांडल्यावर दर कामगारामागचा खर्च ३५ टक्क्यांनी वाढल्यासारखा होता. फक्त कायद्याचं पालन एवढं महाग पडत नाही. जिथे भ्रष्टाचार जास्त, त्या राज्यांत हा खर्चही जास्त निघाला. म्हणजे नियमापेक्षा नियम तपासायला येणारा माणूस महाग होता.

यावर लोकांनी शोधलेला तोडगा म्हणजे एका शेडमध्ये दोन फर्म. एक नवऱ्याच्या नावाने, एक बायकोच्या. मधे पत्र्याची भिंत. दोन वीज मीटर, दोन जीएसटी नंबर, दोन ऑडिट. पत्रा वाकवायचं ब्रेक प्रेस मशीन एका फर्मचं आणि काम दुसऱ्या फर्मचं असेल तर एकमेकांना जॉबवर्कचं चलन. हे सगळं निभावतं, पण टेंडरला अडकतं. सरकारी खरेदीत अनुभवाची नेहमीची अट अशी: अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांची तीन कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक, असं सारखंच काम पूर्ण केलेलं हवं. ८० लाखांचं काम दोन फर्ममध्ये चाळीस-चाळीस करून केलं, तर १ कोटीच्या टेंडरला दोघीही अपात्र. जो अनुभव प्रत्यक्षात आहे तो कागदावर उरत नाही.

गुजरातने २०१९ साली लघु-मध्यम उद्योगांसाठी केलेला कायदा इथे कामाचा आहे. ठरलेल्या नोडल यंत्रणेकडे घोषणापत्र देऊन पोच घेतली की राज्याच्या कायद्यांखालच्या परवानग्यांशिवाय तीन वर्षं उद्योग चालवता येतो, त्यानंतर त्या घ्यायला सहा महिने. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर शेवटच्या नाक्याची ताकद यात काढून घेतली आहे. पण केंद्राच्या कायद्यांखालचं काही यात येत नाही, आणि तीन वर्षं संपत आल्यावर जागं होणारे लोक पुन्हा त्याच रांगेत उभे राहतात.

तपासणाऱ्याला पगार कोण देतो

प्रदूषणाच्या बाबतीत लाच मोठ्या संगनमताच्या रूपात येते, आणि यावर जगात गाजलेला प्रयोग गुजरातेतच झाला. इथे १९९६ पासून पर्यावरण ऑडिटची योजना आहे: जास्त प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांनी दर वर्षी बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्यायची. ऑडिटर निवडायचा कारखान्याने, पैसे द्यायचे कारखान्याने. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी २००९ ते २०११ या काळात अहमदाबाद आणि सुरतच्या ४७३ कारखान्यांवर प्रयोग केला. चिमणीतल्या धूलिकणांची मर्यादा घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम. नेहमीच्या ऑडिटमध्ये बहुतेक आकडे १५० च्या जरासे खाली येऊन दाटीवाटीने बसलेले. पुन्हा मोजलं तर खरे आकडे चहूकडे पसरलेले, अनेक मर्यादेच्या बरेच वर.

मग अर्ध्या कारखान्यांसाठी चार बदल केले. ऑडिटर चिठ्ठी काढून नेमला. फी ठरावीक आणि एका मध्यवर्ती निधीतून. काही ठिकाणी दुसऱ्याकडून पुन्हा मोजणी. आणि दुसऱ्या वर्षी अचूकतेवर जादा पैसे. खोटं ‘पास’ लिहिण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं, आणि त्या कारखान्यांचं प्रदूषणही उतरलं. ऑडिटर तेच होते, उपकरणं तीच होती.

बडोद्याजवळच्या नंदेसरी या रासायनिक वसाहतीत ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, प्रामाणिकपणे चालवणाऱ्याला यातलं महत्त्व वेगळं सांगायला नको. ब्लोअरची वीज, चुना, पॉलिमर, गाळ उचलण्याचा खर्च हे सगळं त्याच्या भावात असतं. शेजारी रात्री ब्लोअर बंद ठेवून अहवाल विकत घेत असेल तर तो किलोमागे काही रुपये स्वस्त विकतो. बडोदा पट्ट्यातलं प्रक्रिया केलेलं पाणी ज्या पन्नास किलोमीटरहून लांब चॅनेलने खंभातच्या आखाताकडे जातं, तो सामाईक आहे. एकाचं पाणी नापास निघालं तर प्रश्न सगळ्यांना विचारले जातात.

हेच सूत्र शेडच्या आत लावा. थर्ड पार्टी इन्स्पेक्टरची फी पुरवठादार देत असेल आणि नेमणूकही तोच करत असेल, तर त्या रिपोर्टची किंमत कागदाइतकी. ग्राहकाने नेमावा, ग्राहकाने पैसे द्यावे, आणि दहातला एखादा तुकडा मकरपुऱ्यातल्याच एर्डासारख्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घ्यावा.

भंगाराचा काटा

घरातली कटकी बाहेरच्या लाचेची सावत्र बहीण आहे. मालक रोकडीसाठी बिलाशिवाय भंगार विकतो हे स्टोअरकीपर बघत असतो, आणि तोही शिकतो. भंगाराच्या गाडीचं आधी रिकामं वजन होतं, मग भरलेलं. रिकाम्या वजनाच्या वेळी गाडीत दोन हमाल, जादा स्टेपनी आणि पाण्याचा पिंप. भरताना हे सगळं उतरतं. निव्वळ वजन २०० किलोने कमी येतं. ३५ रुपयांनी ७ हजार रुपये एका फेरीत, महिन्याला चार फेऱ्या. याला महागडा सीसीटीव्ही लागत नाही. गाडीचं रिकामं वजन दर वेळी लिहायचं आणि मागच्या फेरीशी ताडायचं. एकाच गाडीच्या रिकाम्या वजनात ५० किलोहून जास्त फरक आला की गाडी उघडून बघायची. आणि काटा आलटून पालटून दोन जागी करायचा.

तक्रार करायची तर

२०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण भाग पाडून लाच घेतली गेली असेल आणि देणाऱ्याने सात दिवसांच्या आत पोलिस किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर तो गुन्हेगार ठरत नाही. आठव्या दिवशी ही सूट नाही. फर्मच्या माणसाने धंद्यासाठी लाच दिली तर फर्मलाही दंड, आणि संमती देणाऱ्या भागीदाराला किमान तीन वर्षं. म्हणून ‘लायझनवाला (सरकारी कामं करून देणारा मध्यस्थ) बघून घेईल, आपल्याला काय माहीत’ ही पळवाट आता उरलेली नाही. त्याच्या बिलावर नुसतं ‘सेवा शुल्क’ असेल आणि सरकारी फीच्या पावत्या जोडलेल्या नसतील, तर ते बिल उद्या तुमच्याविरुद्धचा कागद आहे.

गुजरात एसीबीचा, म्हणजे लाचलुचपत विरोधी खात्याचा, टोल-फ्री नंबर १०६४. आधी तक्रार आणि मग पैसे, असा क्रम असेल तर सापळ्यातले पैसे दिल्याबद्दल तक्रारदार दोषी ठरत नाही. मागणीची खातरजमा बहुधा रेकॉर्डरवर होते, दोन पंच बसतात, नोटांचे नंबर लिहिले जातात, नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात. घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. पण खटले पडतात ते वेगळ्याच जागी. नोटा सापडणं पुरत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. घाईत तक्रारदारच ‘घ्या ना साहेब’ म्हणतो आणि रेकॉर्डिंगमध्ये मागणी राहून जाते. रक्कम त्याच्या तोंडून येऊ द्यायची. आपण फक्त विचारायचं, ‘किती आणि कशाचे?’

त्याआधी आपली फाईल तपासायची. आपल्याच शेडचा मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यात फरक असेल, किंवा दोन फर्मची पत्र्याची भिंत असेल, तर तक्रारीनंतर पहिली तपासणी तिथेच येते. बहुतेक लोक गप्प बसतात त्याचं कारण भीती कमी आणि हे जास्त असतं.

अडकलेल्या बिलासाठी एसीबीखेरीज दुसरा रस्ताही आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत यायला हवेत. उशिरावर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज केला की तो फॅसिलिटेशन काउन्सिलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, जातो. ग्राहक दुखावेल म्हणून लोक हे टाळतात, आणि एकाच ग्राहकावर ७० टक्के धंदा असेल तर टाळणं भागच पडतं. तरी प्रत्येक बिलावर माल पोचल्याची तारीख आणि सहीची पोच घेऊन ठेवावी, कारण ४५ दिवस तिथून मोजले जातात, आणि सहीशिवाय समोरचा स्वतःला हवी ती तारीख सांगतो.

सापळा यशस्वी झाला तरी तुमचं मूळ काम त्या टेबलावर तसंच पडलेलं असतं. त्या खुर्चीवर नवा माणूस येईपर्यंत फाईल कोणी उघडत नाही. सापळ्याच्या दुसऱ्याच दिवशी वरच्या अधिकाऱ्याला जुन्या आवक क्रमांकासह नवा अर्ज द्यायचा, आणि त्याची पोच घ्यायची.